घरचा तीरकामठा आणि तो मोजायची घरगुती हत्यारं

कळकबेट (धागाकर्ता)

घरी तीरकामठा कसा करावा याचे व्हिडिओ रग्गड आहेत. कुठलं लाकूड, कुठली दोरी, कुठला गोंद यावर सगळे भरभरून बोलतात. पण झालेला कामठा किती किलो ओढतो, बाण किती वेगाने सुटतो, केलेल्या बाणांपैकी कुठले एकमेकांशी जुळतात, हे मोजून सांगणारे फार थोडे. न मोजता केलेला पुढचा कामठा आधीच्यापेक्षा चांगला झाला की नुसताच वेगळा झाला, हे कळणार कसं? आणि मोजायला लागणारं जवळजवळ सगळं घरात असतंच: प्रवासाची बॅग तोलायचा हुकाचा डिजिटल काटा, स्वयंपाकघरातला वजनकाटा, मोबाइल आणि पाण्याची एक लिटरची बाटली.

सुरुवात ओढीपासून. भिंतीत किंवा दाराच्या चौकटीवर एक फळी घट्ट बसवा, तिच्या वरच्या टोकाला कामठ्याची मूठ टेकेल अशी खाच करा. खाली एक कप्पी. दोरीच्या मध्यात बॅगेच्या काट्याचा हुक अडकवायचा, काट्याला सुतळीदोर बांधून तो कप्पीतून घ्यायचा आणि लांब, एका बाजूला उभं राहून ओढायचा. कामठा तुटला तर तुकडे ओढीच्या रेषेत उडतात, म्हणून समोर उभं राहायचं नाही. फळीवर मुठीपासून दर 10 सेंटीमीटरवर खुणा करून ठेवायच्या.

माझ्या सध्याच्या बांबूच्या कामठ्याचे आकडे देतो. दोरी चढवल्यावर ती मुठीपासून 15 सेंमीवर असते. तिथून 25 सेंमीला 3 किलो, 35 ला 5.4, 45 ला 7.6, 55 ला 9.8 आणि 65 ला 12.2 किलो. म्हणजे पूर्ण ओढीला साधारण 27 पौंड. या आकड्यांचा आलेख कागदावर काढला की रेषेखालचं क्षेत्रफळ म्हणजे कामठ्यात साठलेली ऊर्जा. इथे ती 31 ज्यूलच्या आसपास येते.

आता बाणाचा वेग. मोबाइलच्या स्लो-मोशनमध्ये सेकंदाला 240 चित्रं मिळतात, पण 38 मीटर वेगाचा बाण दोन चित्रांच्या मध्ये सोळा सेंटीमीटर पुढे गेलेला असतो. पांढऱ्या भिंतीसमोर काळ्या चिकटपट्टीच्या खुणा आणि भरपूर ऊन असेल तरच वाचता येतं. त्यापेक्षा आवाजावरून मोजणं सोपं. लक्ष्य 18 मीटरवर, मोबाइल बरोबर मध्ये जमिनीवर, बाणाच्या वाटेपासून थोडा बाजूला, आवाज रेकॉर्ड करत. दोरीचा टणत्कार आणि बाण रुतल्याचा धप्प, दोन्ही आवाजांना मोबाइलपर्यंत सारखंच अंतर, त्यामुळे आवाजाचा स्वतःचा वेळ आपोआप वजा होतो. रेकॉर्डिंग कुठल्याही आवाज कापायच्या ॲपमध्ये उघडलं की दोन शेंडे स्पष्ट दिसतात. त्यांच्यातलं अंतर 0.47 सेकंद, म्हणजे वेग सेकंदाला 38 मीटर.

माझा बाण 28 ग्रॅमचा. त्याची ऊर्जा 20 ज्यूल. 31 घातले, 20 मिळाले, म्हणजे कामठ्याची कार्यक्षमता 65 टक्क्यांच्या जवळ. पुढच्या कामठ्याची टोकं बारीक करून हा आकडा वाढतो का ते बघायचं आहे, कारण सुटताना सगळ्यात जास्त हलतात ती टोकंच आणि त्यांना हलवण्यात ऊर्जा खर्च होते.

तुमच्याकडे कोणी काय काय मोजतं, कशाने मोजतं, लिहा.

वैनगंगा

वाचनखूण साठवली. मोबाइल मध्ये ठेवायची युक्ती फार आवडली.

गच्चीवरचा

छान माहिती. पण इतकं लाकूडकाम करण्यापेक्षा पीव्हीसी पाइपचा धनुष्य एका दुपारी होतो की. पाइप गरम करायचा, टोकं चपटी करायची, दोरी बांधायची. आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर जागाही आहे.

रंधा_पटाशी

गच्चीवरचा, दोन्ही गोष्टींना माझा नकार आहे, आणि कारणं सांगतो.

पीव्हीसी साधारण 80 अंशांना मऊ पडायला लागतं. म्हणजे त्याला आकार देणं सोपं, पण उन्हात तापलेल्या गाडीत ठेवलं की तो आकार जायलाही वेळ लागत नाही. वाकवून ठेवलं तर वाकलेलंच राहतं, ओढ कमी होत जाते. उन्हाने ते ठिसूळ होतं. बांबू तुटायच्या आधी बहुतेक वेळा कुरकुरतो, तंतू उचललेला दिसतो. पाइप काही न सांगता फुटतो आणि धारदार तुकडे उडवतो, तेही तुमच्या तोंडापासून वीतभर अंतरावर. शिवाय पाइप जाळाच्या फार जवळ नेला तर हायड्रोजन क्लोराइडचा वायू सुटतो, तो छातीत जाणं चांगलं नाही.

गच्चीचं म्हणाल तर कळकबेट यांनी वेग दिलाच आहे. 38 मीटर वेगाने वर सुटलेला बाण हवेचा अडथळा धरूनही शंभर मीटरच्या पुढे जाऊन पडेल. खाली रस्ता आहे, माणसं आहेत. जमिनीवर, मागे मातीचा बांध किंवा आंधळी भिंत असेल तिथेच. आणि लक्ष्याच्या मागे जुनी सतरंजी किंवा गोधडी सैल टांगून ठेवा. ताणून बांधली तर बाण आरपार जातो, सैल असली तर झोळ घेत थांबवते.

गच्चीवरचा

काका, पटलं. मग बांबू कुठला घ्यायचा ते सांगा. आमच्याकडे मांडववाल्याकडे मिळतो तो चालेल का?

वैनगंगा

याचं उत्तर मी देतो, आमच्याकडे पिकतोच तो. विदर्भात ज्याला मानवेल म्हणतात तो बांबू घ्या. कोरड्या डोंगरउतारावरचा मानवेल जवळजवळ भरीव असतो, बाणांच्या काड्यांनाही तोच. कोकणात माणगा मिळेल, तोही जाड भिंतीचा आणि सरळ. कळक म्हणजे काटस, तो मोठा आणि पोकळ. त्याच्या रुंद पट्ट्या काढून एकावर एक चिकटवायच्या असतील तर कामाचा. मांडववाल्याचा बांबू कधीचा आहे, किती पावसाळे भिजलाय हे कळत नाही, म्हणून मी घेत नाही.

वय महत्त्वाचं. तीन वर्षांच्या आतला बांबू कोवळा, वाकलेला राहतो. पावसाळा संपून थंडीत तोडलेला घ्या. तेव्हा त्यात पिठूळपणा कमी असतो, भुंगेरा कमी लागतो. भुंगेरा लागलेला ओळखायला सोपा: आपटला की पिवळी भुकटी गळते. तो सरळ चुलीत घाला, कामठ्याला नको.

आणि एक. स्वतःच्या किंवा ओळखीच्या शेतातला बांबू तोडायला आता अडचण नाही, 2017 च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरचा बांबू वन कायद्यातल्या 'झाड' या व्याख्येतून काढला. जंगलातला मात्र विचारल्याशिवाय तोडायचा नाही.

तापीकाठ

धागा आवडला. आमच्या नंदुरबारच्या बाजूला, सातपुड्यात, भिल्ल आणि पावरा घरांत कामठा अजून दिसतो. शहरातल्या छंदवाल्यांना एक गोष्ट बघून नवल वाटतं: त्याची दोरीही बांबूचीच असते. बांबूच्या सालीची लांब पट्टी काढून, तासून तासून पातळ करतात आणि टोकांना बांधतात. ताणत नाही म्हटलं तरी चालेल, इतकी ती घट्ट. दोरी ताणली नाही की ऊर्जा बाणाकडे जाते.

मी एका म्हाताऱ्या बाबांना कामठा करताना जवळून पाहिलं. त्यांच्याकडे काटा नाही, फळी नाही. विळ्याने तासायचे, गुडघ्यावर ठेवून दोन्ही टोकं हळूच दाबायचे, डोळा बारीक करून बघायचे, परत तासायचे. सालीच्या बाजूला विळा एकदाही लागला नाही. सगळं तासणं आतल्या बाजूने. पेराची गाठ आली की तिथे हात हलका. मी विचारलं, गाठ सपाट का नाही करत? त्यांनी बोटाने गाठीवरचे तंतू दाखवले, ते गाठीपाशी वर चढून परत खाली उतरतात. गाठ कापली की तंतू तुटले.

हा धागा मोजण्यावर आहे म्हणून सांगतो, त्या बाबांचा हातच मोजत होता. आपल्याला तो हात यायला वेळ आहे, तोवर काटा वापरावा.

अनुजा_के

तापीकाठ, सुंदर प्रतिसाद. साल बाहेर का ठेवायची याचं कारणही तेच आहे. कामठा वाकला की लक्ष्याकडची बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते आणि आपल्याकडचं पोट दाबलं जातं. बांबूत सगळ्यात दाट तंतू सालीलगत असतात आणि ते ताण सोसण्यात पटाईत. म्हणून साल पाठीला.

तासण्याचं गणित लक्षात ठेवण्यासारखं आहे. रुंदी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट होतो. जाडी दुप्पट केली तर आठपट! ताठपणा जाडीच्या घनावर चालतो. उलट बघा, जाडी फक्त दहा टक्के कमी केली की ताठपणा 27 टक्क्यांनी उतरतो. त्यामुळे कामठा हव्या त्या ओढीच्या जवळ आला की रंधा बाजूला ठेवून जुन्या हेक्सॉच्या पात्याच्या कडेने खरवडावं. पातं उभं धरून ओढलं की भुसा नाही, कुरळ्या साली निघाल्या पाहिजेत.

दोन्ही बाहू सारखे वाकतात का हे बघायला मोबाइल वापरा. फळीवर कामठा अर्धा ओढलेला असताना समोरून फोटो काढा, तोच फोटो आडवा उलटा करून पहिल्यावर अर्धपारदर्शक ठेवा. जिथे दोन रेषा जुळत नाहीत तिथे एक बाहू जास्त ताठ आहे. तेवढीच जागा खरवडायची आणि परत फोटो. सराव झालेल्यांना नजरेने दिसतं, नवशिक्यांना हा फोटो फार उपयोगी.

कळकबेट

अनुजाताई, फोटो उलटा करायची युक्ती उद्याच करून बघतो.

सेंट_लुईसवाला

इकडे अमेरिकेत मिझुरी राज्यात राहतो म्हणून एक माहिती. आज स्पर्धेत दिसणारं कप्प्यांचं कंपाउंड धनुष्य या राज्यातल्याच एका हौशी माणसाने जमवलं, हॉलेस विल्बर ॲलन त्यांचं नाव. साध्या धनुष्याची टोकं कापून त्यांनी तिथे कप्प्या बसवून पाहिल्या. पेटंट 1969 मध्ये मिळालं. त्यातली खुबी अशी की कप्पीची कणी, म्हणजे ती ज्यावर फिरते तो आस, मध्यावर नसते, त्यामुळे ओढ मधे जड लागते आणि शेवटी हलकी होते, नेम धरून थांबता येतं. धागाकर्त्यांच्या आलेखात ही रेषा डोंगरासारखी चढून उतरलेली दिसेल. क्षेत्रफळ अर्थातच जास्त.

गच्चीवरचा

सायकलच्या कप्प्या लावून करता येईल का मग?

सेंट_लुईसवाला

करू नका. ॲलन यांच्या काळापासून त्या तारा, कणे आणि टोकं यांवर भरपूर काम झालंय. तारांवरचा ताण हाताला लागणाऱ्या वजनापेक्षा कितीतरी जास्त असतो. घरच्या कणीने दगा दिला तर तार तोंडावर येते. आलेखाचा अभ्यास करायचा असेल तर मैदानावर कोणाचं तरी विकतचं कंपाउंड असेल, त्यांच्या परवानगीने काट्यावर मोजा.

सातारी_नेम

बाणांबद्दल कोणीच लिहीत नाहीये, आणि नेम चुकतो तो बहुतेक बाणांमुळे. माझा प्रश्न: माझे बांबूचे बाण एकसारखे डावीकडे जातात. उजव्या हाताने ओढतो. कामठा बदलून पाहिला, तेच.

कळकबेट

सातारी_नेम, बाण कामठ्याला लागून डाव्या अंगाने निघतो, तेव्हा त्याला मुठीला वळसा घालून पुढे जावं लागतं. सुटताना बाण सापासारखा वळवळतो आणि तसाच कामठ्याला चुकवून सरळ होतो. बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधन संस्थेतले भौतिकशास्त्रज्ञ क्लॅरेन्स हिकमन यांच्या वेगवान चित्रीकरणात हे स्पष्ट दिसलं. बाण गरजेपेक्षा ताठ असेल तर वळत नाही, मूठ त्याला बाजूला ढकलते आणि उजव्या हाताच्या माणसाचा बाण डावीकडे जातो. फार लवचिक असेल तर उजवीकडे. तुमचे बाण ताठ आहेत.

आता पाण्याची बाटली काढा. दोन खिळे फळीच्या कडेला 71.1 सेंमी अंतरावर ठोका, म्हणजे 28 इंच. त्यांवर बाणाची काडी आडवी ठेवा. बाटलीत पाणी भरत भरत स्वयंपाकघराच्या काट्यावर बाटली, पाणी आणि अडकवायचा दोरा मिळून 880 ग्रॅम करा. ती बाटली काडीच्या बरोबर मध्यावर टांगा आणि काडी किती खाली गेली ते व्हर्नियरने किंवा स्टीलच्या पट्टीने मोजा. बाजारातल्या बाणांवर जो स्पाइनचा, म्हणजे बाण किती वाकतो याचा, आकडा असतो तो हाच, इंचाचे हजारावे भाग. 500 चा बाण 12.7 मिलीमीटर वाकतो, 800 चा 20.3, 1000 चा 25.4. माझ्यासारख्या 12 किलोच्या कामठ्याला 20 मिलीमीटर आणि त्यापुढचे चालतात. तुमचे बहुधा 14-15 च्या घरात निघतील.

बांबूची काडी सगळीकडून सारखी वाकत नाही. चार बाजूंनी फिरवून मोजा, जी बाजू सगळ्यात कमी वाकते तिच्यावर पेन्सिलीने खूण करा आणि ती बाजू कामठ्याला लागेल अशी मागची, दोरी बसायची खाच कापा. एकमेकांच्या दीड मिलीमीटरच्या आत असलेल्या काड्यांची एक जोडणी करा. वजनही तसंच, एका ग्रॅमच्या आत.

सातारी_नेम

मोजलं. बहुतेक सगळे 13 ते 15 च्या मध्ये वाकले! एक तेवढा 19 चा निघाला, आणि तोच एक मधोमध लागायचा. मला वाटायचं त्याची पिसं चांगली आहेत.

रंधा_पटाशी

सातारी_नेम, काड्या फेकू नका. पॉलिश पेपर मुठीत धरून काडी फिरवत मधल्या भागातून थोडी थोडी उतरवा आणि दर वेळी बाटली टांगा. किंवा टोक जड लावा, जड टोकाने काडी सुटताना जास्त वाकते.

मागची खाच कापली की तिच्या खाली दोरा गच्च गुंडाळून गोंद द्या, नाहीतर दोरी काडीला उभी चिरते. प्रत्येक वेळी सोडायच्या आधी बाण दोन्ही हातांनी वाकवून कानाशी धरा. बारीक टिक ऐकू आली तर तो बाण मोडून टाका. विकतच्या कार्बनच्या बाणांना तर हे जास्तच लागू, तो चिरलेला असला तर सुटताना हातात घुसतो.

गच्चीवरचा

दोरीला पतंगाचा मांजा गुंडाळून चालेल का? नायलॉनचा भरपूर पडून आहे.

अनुजा_के

नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये देशभर बंदी घातली आहे, तो घरात ठेवूच नका. आणि नायलॉन ताणतो, कामठ्याला त्याचा उपयोग नाही. चामडं शिवायचा पॉलिएस्टरचा दोरा घ्या. त्याचा एक पदर बॅगेच्या काट्याला बांधून तुटेपर्यंत ओढा. समजा 4.5 किलोला तुटला. पूर्ण दोरी ओढीच्या निदान चौपट भार सोसणारी हवी, म्हणजे 12.2 किलोच्या कामठ्याला 49 किलो. अकरा पदर येतात, बारा घ्या. मेण चोळून दोन भागांत पीळ द्या, आणि जिथे बाण बसतो तिथे वरून दोरा गुंडाळा.

सातारी_नेम

भाचीला यात गोडी लागली आहे, तिला स्पर्धेत उतरवायचं तर हा कामठा चालेल का? आमच्या जिल्ह्यातली अदिती स्वामी 2023 मध्ये बर्लिनला कंपाउंडमध्ये जगज्जेती झाली, त्याच स्पर्धेत नागपूरचा ओजस देवतळेही. तेव्हापासून घरात तोच विषय आहे.

वैनगंगा

आपल्याकडच्या स्पर्धांत इंडियन राउंड नावाचा प्रकार असतो, त्यात बांबूचे किंवा लाकडाचे साधे धनुष्य-बाण असतात. अंतरं 30 आणि 50 मीटर. भाचीला तिथे नेता येईल, पण कामठ्याला काय चालतं आणि काय नाही ते आधी जिल्हा संघटनेकडून समजून घ्या. तिच्यासाठी आठ-नऊ किलोच्या वरचा करू नका, वाढत्या खांद्याला तेवढं पुरे.

तापीकाठ

एक विनंती, कृपया मनावर घ्या. या धाग्यावर कोणी शिकारीचे प्रश्न आणू नयेत. 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. पिसंही कोंबडी-बदक-टर्कीची पाळलेल्या पक्ष्यांची घ्या. एका बाणाला तिन्ही पिसं एकाच बाजूच्या पंखाची असली पाहिजेत, डाव्या-उजव्यांची सरमिसळ केली तर ती एकमेकांविरुद्ध फिरवतात.

कळकबेट

+1. सर्वांचे आभार. बाणाच्या वजनाबद्दल विचारणारे दोन व्यक्तिगत निरोप आले, इथेच लिहितो. ओढीच्या प्रत्येक किलोमागे बाण निदान दीड ग्रॅमचा असू द्या. त्याहून हलका बाण वेगाने जातो खरा, पण मग उरलेली ऊर्जा कामठ्यालाच सोसावी लागते. बाणाशिवाय नुसती दोरी ओढून सोडली तर सगळीच्या सगळी त्यालाच. मुलं कामठा हातात घेतात तेव्हा पहिली सूचना हीच द्यायची.

कप्पीच्या फळीचं मापासकट चित्र काढून उद्या संध्याकाळपर्यंत टाकतो.

गच्चीवरचा

माणग्याची पट्टी मिळाली! कोकणातल्या मामांकडून. लांबी किती ठेवू? माझी ओढ 66 सेंमी भरते.

रंधा_पटाशी

ओढीच्या अडीचपट धरा, म्हणजे 165 सेंमी. पहिलाच आहे म्हणून 170 ठेवा, लांब कामठा चुका पोटात घालतो. मूठ 10 सेंमी, तिथे वाकू द्यायचा नाही. दोन पट्ट्या चिकटवणार असाल तर अरल्डाइट लावून जुन्या सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या ओढून ओढून गुंडाळा, कुठलाही शिकंजा इतका सारखा दाब देत नाही. काम झालं की जवसाचं तेल द्या. वापरून झाल्यावर दोरी उतरवून आडवा ठेवा, कोपऱ्यात उभा टेकवून ठेवू नका.